आदाम, हव्वा आणि बाकीची माणसे

न्यूझीलंडच्या पूर्वेला सुमारे ८०० किलोमीटरवर चॅटम बेटे आहेत. तिथला काळा रॉबिन हा चिमणीएवढा पक्षी १९८० साली संपल्यात जमा होता. साऱ्या जगात मिळून पाच पक्षी उरले होते आणि त्यांतली एकच मादी अंडी घालून पिल्ले जगवू शकत होती. पायात निळे कडे होते म्हणून तिला ‘ओल्ड ब्लू’ म्हणत. तिच्या जोडीदाराचे नाव ‘ओल्ड यलो’. वन्यजीव विभागाचे डॉन मर्टन आणि त्यांचे सहकारी तिची अंडी उचलून दुसऱ्या जातीच्या पक्ष्यांच्या घरट्यांत ठेवत, म्हणजे ती पुन्हा अंडी घाली. जात तगली. आज अडीचशेच्या आसपास काळे रॉबिन आहेत आणि ते सगळे या एकाच जोडप्याचे वंशज आहेत. संशोधकांनी त्यांचा डीएनए तपासला तेव्हा पक्ष्यापक्ष्यांत फरकच सापडेना. एका जोडप्यातून सगळी प्रजा उभी राहिली की तिच्या रक्तात त्याची खूण कशी उमटते, हे पाहायचे तर जगात याहून स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळेल.

माणसाचे तसे नाही. आपल्या डीएनएत सुमारे तीनशे कोटी अक्षरे आहेत आणि कोणत्याही दोन माणसांत दर हजारी साधारण एका अक्षराचा फरक असतो. वानरकुळातल्या इतर जातींच्या मानाने हा फरक थोडा आहे. पण सगळी माणसे काही हजार वर्षांपूर्वीच्या एकाच जोडप्यातून आली असती तर जेवढा असायला हवा होता, त्याहून पुष्कळच जास्त आहे. दुसऱ्या बाजूला बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकातली कथा आहे. देवाने मातीतून आदाम घडवला, त्याच्या फासळीपासून हव्वा, आणि या दोघांपासून अवघी मानवजात. जगातले कोट्यवधी ख्रिस्ती लोक ही कथा आपल्या श्रद्धेचा पाया मानतात. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात का, आणि नांदायच्या तर कोणत्या अटीवर, हा या पुस्तकाचा विषय आहे.

मराठी वाचकाला आदिजोडप्याची कल्पना परकी नाही. पुराणांतले स्वायंभुव मनू आणि शतरूपा आपल्या ओळखीचे आहेत. आदाम आणि हव्वाही मराठीत काल-परवा आलेले नाहीत. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचा पहिला भाग जगाच्या उत्पत्तीपासून सुरू होतो. म्हणजे एदेन बागेची कथा चारशे वर्षांहून अधिक काळ मराठीत सांगितली जाते आहे. वसईच्या चर्चमध्ये, अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) मंडळीत, पुण्यामुंबईच्या ख्रिस्ती घरांत ती आजही सांगितली जाते. त्या घरांतली मुले अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकतात, वैद्यकीय महाविद्यालयात जातात, परदेशी जातात, आणि मग घरी प्रश्न विचारतात. त्या प्रश्नांना मराठीत उत्तर देणारे लेखन फार थोडे आहे.

न्यूझीलंडचा आधार घेण्याचे कारण एवढेच नाही की या पुस्तकातले लेख तिथे राहून लिहिले गेले. या प्रश्नाचे बहुतेक सगळे धागे त्या छोट्या देशात एकत्र आलेले दिसतात. सगळ्या माणसांच्या ‘समान आई’चा शोध लावणाऱ्या चमूचा प्रमुख तिथला होता. वस्तीयोग्य मोठ्या भूभागांपैकी माणूस सर्वांत शेवटी पोहोचला तो तिथे, त्यामुळे एखाद्या समाजाचे मूळ पुरुष आणि मूळ स्त्रिया किती होत्या हे मोजण्याचा प्रयत्न तिथे करता आला. आणि तिथल्या माओरी लोकांच्या लेखी वंशावळ म्हणजे पूर्वजांच्या नावांची नुसती यादी नव्हे, ती माणसाची ओळखच आहे.

आधी श्रद्धेची बाजू नीट समजून घेतली पाहिजे. बाहेरच्याला वाटते की ही एक जुनी गोष्ट आहे, रूपक म्हणून सोडून दिली की झाले. पण मेख उत्पत्तीच्या पुस्तकात नाही, प्रेषित पौलाच्या पत्रांत आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आणि करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल आदाम आणि ख्रिस्त यांना समोरासमोर उभे करतो. एकाच्या आज्ञाभंगाने पाप आणि मरण आले, एकाच्या आज्ञापालनाने तारण आले. मग पहिला ‘एक’ इतिहासात नसेलच, तर दुसऱ्या ‘एका’चे काय, अशी ही अडचण आहे. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ऑगस्टीनने या विचाराला मूळ पापाच्या सिद्धांताचे रूप दिले: आदामाचा दोष जन्माबरोबर प्रत्येकात उतरतो. पश्चिमेकडच्या चर्चने, कॅथलिकांनी आणि प्रोटेस्टंटांनीही, हीच वाट धरली. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेने मात्र आदामाकडून मरण आणि दुबळेपणा आला असे मानले, अपराधाचा वारसा मानला नाही. त्याआधी दुसऱ्या शतकात इरेनेयसने आदामाला परिपूर्ण पुरुष न मानता अजून वाढायचे असलेले मूल मानले होते. म्हणजे ‘ख्रिस्ती श्रद्धा आदामाविषयी असे म्हणते’ या वाक्यात अनेक वाक्ये दडलेली आहेत.

आदिजोडप्याच्या श्रद्धेचा दुसरा आधार सामाजिक आहे आणि तो सहज विसरला जातो. सगळे एकाच आईबापाची लेकरे असतील तर कोणीही जन्माने हलका नाही. १६५५ साली इझाक ला पेरेर या फ्रेंच लेखकाने आदामाच्या आधीही माणसे होती असे मांडले. आदामाच्या मुलाला, काइनाला, बायको कोठून मिळाली, त्याने नगर वसवले ते कोणासाठी, असे त्याचे साधे प्रश्न होते. त्याला अटक झाली आणि रोमला जाऊन आपले मत मागे घ्यावे लागले. पण पुढे एकोणिसाव्या शतकात याच कल्पनेला विषारी फळ धरले. अमेरिकेतल्या नॉट आणि ग्लिडन यांच्यासारख्या लेखकांनी गोरे आणि काळे यांची मुळेच वेगळी आहेत असे ‘शास्त्र’ रचले आणि गुलामगिरीच्या समर्थकांना ते आयते मिळाले. त्या काळात ‘सगळे आदामाची लेकरे’ असे म्हणणारा धर्मोपदेशक पुष्कळदा जास्त माणुसकीचे बोलत होता. अनेक मुळांच्या या मताला आधार उरला नाही तो पुढे डार्विनमुळे. सगळ्या मानववंशांचे मूळ एकच, हे त्याने शास्त्राच्या अंगाने मांडले.

न्यूझीलंडमध्ये हा इतिहास जवळून दिसतो. १८१४ च्या नाताळात मिशनरी सॅम्युएल मार्सडेन यांनी बे ऑफ आयलंड्समध्ये पहिले ख्रिस्ती प्रवचन दिले. माओरी हे विखुरलेल्या ज्यूंपैकी असावेत असे मार्सडेन यांना वाटे. कल्पना चुकीची होती, पण तिच्यामागची गरज खरी होती: बायबलच्या वंशावळीत या लोकांची जागा कोणती, हे त्यांना ठरवायचे होते. माओरींनी ही कल्पना उचलली आणि आपल्या पद्धतीने फिरवली. चॅटम बेटांवर हद्दपार केलेले माओरी नेते ‘ते कूटी’ १८६८ साली तिथून निसटले, तेव्हा त्यांच्या अनुयायांनी स्वतःला मिसर देशातून सुटलेल्या इस्राएलच्या जागी पाहिले. त्यांचा रिंगातू पंथ आजही आहे. माओरींची स्वतःची आदिकथाही होतीच. ताने या देवाने कुरावाका इथल्या लाल मातीतून पहिली स्त्री, हिने-आहु-ओने, घडवली. मातीतून माणूस घडवल्याची कथा ऐकून माओरी श्रोत्यांना फारसे नवल वाटले नसेल.

डार्विन १८३५ च्या डिसेंबरात याच बे ऑफ आयलंड्समध्ये दहाएक दिवस राहिला होता. देश त्याला आवडला नाही. वायमाते इथली मिशनऱ्यांची शेती मात्र आवडली. पुढे त्याचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ आला, तेव्हा त्याचे जाणकारीने स्वागत करणाऱ्यांत कॅप्टन फ्रेडरिक हटन होते. १८६१ साली त्यांनी त्याचे परीक्षण लिहिले आणि नंतर न्यूझीलंडला येऊन ओटागो आणि कँटरबरी इथे शिकवले. हटन अँग्लिकन होते आणि उत्क्रांती व ईश्वर यांत त्यांना वैर दिसत नव्हते. विज्ञान आले आणि धर्म हटला, हे सरधोपट चित्र इथे लागू पडत नाही. तडजोडी पहिल्यापासून होत्या, विरोधही पहिल्यापासून होता.

कॅथलिक चर्चची अधिकृत भूमिका १९५० साली पोप बारावे पायस यांच्या ‘ह्युमानी जेनेरिस’ या पत्रातून स्पष्ट झाली. मानवी शरीराच्या उत्क्रांतीचा अभ्यास करायला हरकत नाही. पण आदामानंतर पृथ्वीवर त्याच्यापासून न जन्मलेली खरी माणसे होती, किंवा ‘आदाम’ म्हणजे अनेक मूळपुरुषांचा समूह, असे मानण्याची मोकळीक नाही, कारण मूळ पापाच्या शिकवणुकीशी ते कसे जुळेल हे दिसत नाही. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायाची भाषा लाक्षणिक असल्याचे म्हटले आहे, पण मानवेतिहासाच्या आरंभी एक खरी घटना घडली हेही ठामपणे म्हटले आहे. १९९६ मध्ये दुसरे जॉन पॉल यांनी उत्क्रांती केवळ गृहीतक राहिलेली नाही असे सांगितले. दार किलकिले आहे, पूर्ण उघडलेले नाही.

आता जनुकांची बाजू. अ‍ॅलन विल्सन १९३४ साली न्गारुआवाहिया इथे जन्मले, पुकेकोहेजवळच्या शेतावर वाढले, ओटागो विद्यापीठात शिकले आणि पुढे बर्कलेला गेले. १९८७ च्या पहिल्याच दिवशी रिबेका कॅन, मार्क स्टोनकिंग आणि विल्सन यांचा निबंध ‘नेचर’मध्ये आला. जगाच्या वेगवेगळ्या भागांत मूळ असलेल्या १४७ जणांचा मायटोकॉन्ड्रियातला डीएनए त्यांनी तपासला होता. त्यासाठी मुख्यतः बाळंतपणानंतरच्या वारा गोळा केल्या होत्या. हा डीएनए फक्त आईकडून येतो. त्याचा माग काढत मागे गेले की सगळ्या फांद्या एका स्त्रीपाशी मिळतात. ती सुमारे दोन लाख वर्षांपूर्वी, बहुधा आफ्रिकेत, होऊन गेली. वर्तमानपत्रांनी तिला ‘ईव्ह’ म्हणजे हव्वा करून टाकले आणि वर्षभरात तिची बातमी ‘न्यूजवीक’च्या मुखपृष्ठावर गेली.

या नावाने जेवढा घोटाळा केला तेवढा क्वचितच एखाद्या नावाने केला असेल. ती स्त्री त्या काळची एकटी स्त्री नव्हती. तिच्याभोवती हजारो बायका होत्या. त्यांचेही वंशज आज आहेत, फक्त कुठे ना कुठे आईकडून मुलीकडे जाणारी साखळी तुटली. घरात मुलगेच झाले की ती साखळी तिथे संपते, घराणे संपत नाही. वडिलांकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राचाही असाच एक मूळपुरुष काढता येतो. पण त्याची आणि या स्त्रीची भेट झाली असण्याचे काही कारण नाही.

जोडपे होते का, की गर्दी होती, हे ठरवायला बाकीचा डीएनए वाचावा लागतो. त्याची रीत न्यूझीलंडच्या उदाहरणाने समजते. १९९८ साली रोझलिंड मरे-मॅकिंटॉश, डेव्हिड पेनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजच्या माओरी लोकांच्या मायटोकॉन्ड्रियातली विविधता मोजली आणि प्रश्न उलटा विचारला: एवढी विविधता उरायची तर पहिल्या होड्यांतून किती स्त्रिया आल्या असतील? उत्तर आले, साधारण ५० ते १००. चुकून भरकटलेली एखादी होडी नव्हे, तर ठरवून केलेले स्थलांतर, असे पूर्वापार सांगितले जात होते. अनेक होड्यांच्या त्या मौखिक परंपरेशी हा आकडा जुळतो. म्हणजे सात-आठशे वर्षांपूर्वी एका बेटावर उतरलेल्या लोकांची संख्या त्यांच्या आजच्या वंशजांच्या रक्तातून अंदाजता येते. हीच रीत अवघ्या मानवजातीला लावली की आकडा दोन येत नाही. दीर्घ काळाची सरासरी काढली तर प्रजननक्षम माणसे दहा हजारांच्या आसपास येतात.

याला दुसरा पुरावा रोगप्रतिकारशक्तीच्या जनुकांचा. प्रत्येक माणसात प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती, म्हणजे एका जोडप्यात जास्तीत जास्त चार वेगळी रूपे. या जनुकांची आज हजारांनी रूपे आहेत. त्यांतली पुष्कळ नंतरच्या बदलांनी तयार झाली असतील. पण काही घराणी इतकी जुनी आहेत की त्यांचे जवळचे नातलग माणसांत नाहीत, चिंपांझींत सापडतात. एके काळी डॉमिनिकन धर्मगुरू असलेले फ्रान्सिस्को आयाला यांनी १९९५ साली नेमक्या याच मुद्द्यावर ‘हव्वेचे मिथक’ मोडीत काढले. शिवाय २०१० साली स्वांते पेबो यांच्या गटाने निअँडरथल माणसाचा जनुकसंच उलगडला आणि आफ्रिकेबाहेरच्या सगळ्यांत त्याचा थोडा अंश निघाला. तेव्हा मूळ कुटुंबाची वेसही पुसट झाली.

ऑकलंड विद्यापीठाचे ग्रॅम फिनले हे कर्करोगाचे संशोधक आणि श्रद्धाळू ख्रिस्ती. केंब्रिजने २०१३ साली काढलेल्या त्यांच्या ग्रंथातला युक्तिवाद त्यांच्या प्रयोगशाळेतूनच आलेला आहे. काही विषाणू पेशीच्या डीएनएत आपली प्रत घुसवतात, आणि कुठे घुसतील याचा नेम नसतो. एका गाठीतल्या सगळ्या पेशींत ती प्रत नेमक्या एकाच जागी सापडली तर त्या सगळ्या एकाच पेशीच्या लेकी, हे कर्करोगतज्ज्ञ निःशंकपणे मानतात. माणसाच्या डीएनएचा सुमारे आठ टक्के भाग अशा जुन्या विषाणूंचा आहे, आणि त्यांतल्या असंख्य प्रती चिंपांझीत त्याच जागी बसलेल्या आहेत. रुग्णाच्या बाबतीत जो तर्क खरा, तो जातीच्या बाबतीत खोटा कसा म्हणायचा, हा फिनले यांचा प्रश्न आहे. देवावरचा विश्वास न सोडता त्यांनी तो विचारला, म्हणून ख्रिस्ती वाचकाला तो टाळता येत नाही.

या सगळ्याला ख्रिस्ती विचारवंतांनी दिलेल्या उत्तरांचे ढोबळमानाने पाच पंथ पडतात.

पहिला पंथ पृथ्वी काही हजार वर्षांचीच मानतो. वेलिंग्टनमध्ये वाढलेले आणि तिथेच रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेले जोनाथन सरफाटी हे या पंथाचे जगभर वाचले जाणारे लेखक. देवाने आदाम-हव्वेच्या डीएनएत विविधता आधीच भरून ठेवली होती, असे हे लोक म्हणतात. चार प्रतींत आजची विविधता, तीही एवढ्या थोड्या काळात, कशी मावते, इथे या मताचे घोडे पेंड खाते. दुसरा पंथ त्याच्या अगदी उलट: आदाम इतिहासातला माणूस नव्हेच, ती प्रत्येक माणसाची कथा आहे. कॅनडाचे डेनिस लामुरू या मताचे. अमेरिकेच्या पीटर एन्झ यांनी २०१२ साली पौलाच्या आदामाचा असाच नव्याने विचार केला. इथे विज्ञानाशी भांडण उरत नाही, पण पौलाशी आणि परंपरेशी हिशेब चुकवावा लागतो. तिसरा पंथ प्रतिनिधित्वाचा. इंग्लंडचे डेनिस अलेक्झांडर यांना वाटते की मध्यपूर्वेतल्या नवाश्मयुगीन शेतकऱ्यांपैकी एका जोडप्याला देवाने निवडले. ते सगळ्यांचे जनक नव्हते, प्रतिनिधी होते.

चौथा पंथ सर्वांत ताजा आणि सर्वांत वादग्रस्त. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले जोशुआ स्वामीदास यांनी २०१९ साली वंशावळ आणि जनुके यांची फारकत करून दाखवली. पाचवा पंथ जोडप्याला काळात फार मागे नेतो. तत्त्वज्ञ विल्यम लेन क्रेग यांनी २०२१ साली आदामाला साडेसात लाख वर्षांहून मागे, हायडेलबर्ग मानवाच्या काळात ठेवले. सुमारे पाच लाख वर्षांच्या अलीकडे मानवजात दोघांवर आली होती हे डीएनए मान्य करत नाही. त्यापलीकडे मात्र पुरावा क्षीण होत जातो आणि ठाम नकार देता येत नाही. सरासरी आकड्यावरून लोकसंख्येचा क्षणिक संकोच नाकारता येत नाही, हा आक्षेप ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड बग्ज यांनी घेतला. त्यावरच्या वादातूनच ही सीमारेषा स्पष्ट झाली. क्रेग यांना ती सोयीची आहे; पण शेती, गुरे आणि नगरे असलेली उत्पत्तीची कथा इतक्या मागे नेली की ती ओळखीची राहत नाही.

चौथ्या पंथाचे म्हणणे समजायला अलिबागजवळचे नवगाव पुरेसे आहे. जहाज फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया तिथे किनाऱ्याला लागल्या आणि त्यांच्यापासून आपला समाज वाढला, असे बेने इस्राएल सांगतात. कोकणातले हे मराठी बोलणारे ज्यू तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. २०१६ साली त्यांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा अंश ठळक निघाला आणि भारतीय अंशही तेवढाच ठळक. ज्यू वाटा पुरुषांकडून अधिक, भारतीय वाटा स्त्रियांकडून अधिक. मग सात जोडप्यांची परंपरा खोटी ठरली काय? मुळीच नाही. आजचा प्रत्येक बेने इस्राएल त्या सात जोडप्यांचा वंशज असू शकतो. तो केवळ त्यांचाच वंशज नाही, एवढेच डीएनए सांगतो. कोकणातल्या कितीतरी आया-आज्या त्या वंशावळीत आहेत, त्यांची नावे कोणी राखली नाहीत.

स्वामीदास हेच आदाम-हव्वेला लावतात. एदेन बागेतल्या जोडप्याची मुले बागेबाहेरच्या लोकांत मिसळली आणि काही हजार वर्षांत ते दोघे पृथ्वीवरच्या सगळ्यांचे पूर्वज झाले. हिशेब ऐकायला अचाट वाटतो, पण आहे साधा. दर पिढीला पूर्वज दुप्पट होतात; दहा पिढ्यांमागे १,०२४ जागा, तीस पिढ्यांमागे १०७ कोटींहून अधिक. एवढी माणसे तेव्हा जगातच नव्हती, म्हणजे तेच तेच पूर्वज पुन्हा पुन्हा येतात आणि सगळ्यांच्या वंशावळी एकमेकींत गुंततात. २००४ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका गणिती अभ्यासात आजच्या सगळ्या माणसांचा सर्वांत अलीकडचा समान पूर्वज अवघ्या काही हजार वर्षांमागे निघाला होता. आणि दूरच्या पूर्वजांपैकी बहुतेकांचे डीएनएतले एक अक्षरही आपल्यात उरत नाही, त्यामुळे जनुकशास्त्र अशा जोडप्याला सिद्धही करू शकत नाही आणि खोडूही शकत नाही. न्यूझीलंड या हिशेबाच्या आड येत नाही, कारण तिथे माणूस उशिरा पोहोचला. टास्मानिया आड येतो. समुद्र चढल्यावर तिथले लोक हजारो वर्षे तुटले होते असे दिसते, आणि टीकाकार तिथेच बोट ठेवतात.

पण अवघड प्रश्न गणिताचा नाही. बागेबाहेरची ती माणसे कोण होती? ती देवाच्या प्रतिमेत घडलेली होती की नव्हती? कॅथलिक तत्त्वज्ञ केनेथ केंप यांनी २०११ साली जैविक माणूस आणि विवेकबुद्धी लाभलेला माणूस असा भेद केला होता. तर्काला तो पटतो, मनाला टोचतो. ला पेरेरच्या वाटेवर पुढे काय झाले ते ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी ‘पूर्ण माणूस’ आणि ‘जवळजवळ माणूस’ अशी विभागणी निमूटपणे मान्य करू नये. स्वामीदास यांनी हा धोका ओळखून बाहेरच्यांनाही मानाचे स्थान दिले आहे. ते पुरेसे आहे का, यावर या संग्रहातल्या लेखकांचे एकमत नाही, आणि ते मुद्दाम घडवून आणलेलेही नाही.

हा विषय आज का? न्यूझीलंडच्या २०२३ च्या जनगणनेत निम्म्याहून अधिक लोकांनी ‘धर्म नाही’ असे नोंदवले. ख्रिस्ती एक तृतीयांशाहून कमी उरले. त्याच देशात सामोआ, टोंगाहून आलेल्या कुटुंबांची चर्च रविवारी भरलेली असतात. त्या बाकांवर बसलेली मुले सोमवारी शाळेत उत्क्रांती शिकतात. त्यांना घरी ‘शाळेत खोटे शिकवतात’ असे सांगितले आणि पुढे विद्यापीठात ते खरे निघाले, तर ती मुले आदामाबरोबर ख्रिस्तालाही सोडतात. चर्चने हे गंभीरपणे घ्यायला हवे. दुसरीकडे थुंकीचा नमुना मागवून ‘तुम्ही इतके टक्के अमुक’ असे सांगणारे व्यवहार वाढले आहेत, आणि रक्तशुद्धीच्या जुन्या वेडाला नवे आकडे मिळू लागले आहेत. आपल्याकडे जात, गोत्र आणि कुळ यांच्या नावाने काय काय चालते ते सांगायला नको.

इथे माओरींकडून शिकण्यासारखे आहे. ‘व्हाकापापा’ म्हणजे त्यांची वंशावळ. तिच्यात पूर्वजांबरोबर डोंगर आणि नद्याही येतात. १९९३ साली व्हाकाताने इथल्या मातातुआ जाहीरनाम्यात आदिवासी समाजांनी स्पष्ट सांगितले की आमचे ज्ञान आणि आमचा वारसा आमच्या संमतीवाचून वापरता येणार नाही. एखाद्याचा डीएनए तपासणे म्हणजे त्याच्या पूर्वजांना हात लावणे, ही जाणीव तिथल्या संशोधनसंस्थांना आता ठेवावी लागते. वंश ही फक्त प्रयोगशाळेची बाब नाही, हे ख्रिस्ती धर्मशास्त्राचेही म्हणणे आहे. माओरी दृष्टी आणि ख्रिस्ती धर्मशास्त्र यांचा संवाद अजून पुरेसा झालेला नाही.

या पुस्तकाने स्वतःपुढे माफक काम ठेवले आहे. जनुकशास्त्राचा पुरावा कुठपर्यंत जातो आणि कुठे थांबतो, हे शाळेत विज्ञान शिकलेल्या कोणालाही समजेल असे सांगायचे. ख्रिस्ती परंपरेने आदामाविषयी खरोखर काय म्हटले आहे आणि काय नंतर चिकटले आहे, ते वेगळे करायचे. आणि दोन्हींची सांगड घालू पाहणारे पंथ त्यांच्या बाजूने मांडून मगच तपासायचे. देव आहे की नाही हा वाद इथे घातलेला नाही. बायबल विज्ञानाने सिद्ध होते, असेही कुठे म्हटलेले नाही. तशी अपेक्षा ठेवणारा वाचक निराश होईल. लेखकांत विश्वासू आहेत, श्रद्धा सोडलेले आहेत आणि कधीच नसलेलेही आहेत. परिभाषा शक्य तितकी मराठी ठेवली आहे. जिथे इंग्रजी शब्द रुळला आहे तिथे तोच ठेवला आहे. लेख क्रमाने वाचले पाहिजेत असे नाही, पण जनुकांवरचे लेख वगळून थेट धर्मशास्त्राकडे जाणाऱ्याला पुढचे वाद हवेत चालल्यासारखे वाटतील.

माझे स्वतःचे मत लपवण्यात अर्थ नाही. गेल्या काही हजार, किंवा काही लाख वर्षांत मानवजात केवळ एकाच जोडप्यातून निघाली, हे म्हणणे आता टिकत नाही. मंडळीला ते धरून ठेवायचे असेल तर पुराव्याकडे पाठ फिरवून धरावे लागेल. पण सगळ्या माणसांचे पूर्वज समान आहेत, कोणाचेही मूळ वेगळे वा हीन नाही, आणि माणसाच्या वाकडेपणाची सुरुवात माणसाच्याच निवडीत आहे, यांतल्या एकाही गोष्टीला जनुकशास्त्राने धक्का लावलेला नाही. पहिल्या दोन गोष्टींना तर त्याने बळच दिले आहे. ख्रिस्ती वाचकाने हे पुस्तक वाचताना आपली श्रद्धा नेमकी कशावर उभी आहे ते ठरवावे. ख्रिस्ती नसलेल्या वाचकाने आपल्या घरच्या मूळपुरुषाच्या कथेलाही हेच प्रश्न लावून पाहावेत.